बरण्यांचा डिमर

“मरण कुठं बांधायचं?” फोरमन सासन्यांनी विचारलं.

त्यांच्या एका हातात दोरी होती आणि दुसऱ्या हातात तांबड्या फडक्याची चिंधी. मी स्टेजवरच्या खाटेवर उताणा पडून मरायची तालीम करत होतो, आणि माझ्या उशाशी त्यांचीच मुलगी शालन गुडघे टेकून रडायची तालीम करत होती.

“जरा वर ओढा,” दिग्दर्शक बिवलकर खालून म्हणाले. “अजून. अजून थोडं. चेहरा दिसेनासा होऊ द्या. हां, बस! इथं मरण.”

फोरमननी तिथं चिंधी बांधली, ओढून पाहिली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, “झालं. आता तुम्ही खुशाल मरा.”

हे सगळं चाललं होतं आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत. कारखान्याचं नाव सांगत नाही, लोक अजून तिथं नांदताहेत, उगाच कशाला. मी तेव्हा वजनकाट्यावर कारकून होतो. उसाची गाडी आली की काटा बघायचा, पावती फाडायची आणि गाडी पुढं काढायची, एवढंच माझं कर्तृत्व. बिवलकर लॅबमध्ये केमिस्ट. दिवसभर रसातली साखर तपासून तपासून त्या माणसाला कलेचं वेड लागलं होतं. आंतर-कारखाना नाट्यस्पर्धा त्या साली आमच्याकडं भरणार होती आणि त्यांनी स्वतःच एक तीन अंकी नाटक लिहून तयार ठेवलं होतं. त्यात एक म्हातारा पहिल्या अंकात खाटेवर पडतो आणि तिसऱ्या अंकात मरतो. मधे काय होतं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. ऐन पंचविशीत मला ऐंशीचा म्हातारा केला होता, कारण काय, तर मला खोकता चांगलं येतं!

मी चकार शब्द काढला नाही, कारण नातीचं काम शालनकडं होतं.

शालन कॉलनीच्या बालवाडीत शिकवायची. तिचं माझं आधीच जमलेलं होतं. खरं सांगायचं तर तिनं जमवलं होतं, मी फक्त ‘हो’ म्हटलं होतं. अडचण एकच, तिचे वडील. माझ्या मामांनी जाऊन रीतसर विषय काढला तेव्हा फोरमन म्हणाले होते, “मुलगा वाईट नाही. पण कारकुनानं कधी काही बिघडलेलं निस्तरलेलं मी बघितलं नाही. तेवढं नाटक पार पडू दे, मग काय ते एकदाच सांगतो.” त्यांचं ‘एकदाच’ म्हणजे एकदाच. पुन्हा विचारायची सोय नाही. आणि इचलकरंजीचं एक यंत्रमागवाल्यांचं स्थळ हातात नारळ घेऊन दारात उभंच होतं. नाटक झालं की दुसऱ्या दिवशी ती मंडळी बघायला येणार होती.

फोरमन सासने पॉवर हाऊसचे. त्यांचं कधी काही चुकत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतोय. टर्बाइनच्या आवाजावरून तिच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचे. मुकादमाच्या घड्याळापेक्षा त्यांच्या जेवणाच्या वेळेवर लोक घड्याळं लावायचे. असल्या माणसाला कुणाची गरज नसते आणि कुणाचं कौतुकही नसतं. माझ्याकडं तर ते असं बघायचे की मी स्वतःहूनच ‘चुकलं माझं’ म्हणायचो, काय चुकलं ते माहीत नसताना.

तर बिवलकरांना म्हाताऱ्याच्या जिवाबरोबर हळूहळू मावळत जाणारा उजेड हवा होता. त्यासाठी डिमर लागतो. तो कोल्हापूरहून आणायचं म्हटल्यावर चेअरमननी मान फिरवली. तेव्हा फोरमन म्हणाले, “आणायचा कशाला? करू की पाण्याचा.”

आणि त्यांनी केला. विजेला दिव्यापर्यंत जाताना मिठाच्या पाण्यातून जायला लावायचं. चिनी मातीच्या बरणीत मीठपाणी, तळाला पितळेची एक चकती, दुसरी चकती दोरीला टांगलेली. वरची चकती खाली सोडली की वीज सुसाट जाते, उजेड वाढतो. वर ओढून लांब नेली की मधलं पाणी विजेला अडवतं, उजेड उतरतो. दोरीवर रंगीत चिंध्या बांधलेल्या. पांढरी म्हणजे सकाळ, पिवळी म्हणजे तिन्हीसांज, तांबडी म्हणजे मी. त्याच्याही पुढं एक जाडजूड गाठ, म्हणजे चकती पाण्याच्या बाहेर येऊन ठिणगी उडायला नको. घरी कुणी असलं काही करू नका बरं का. आम्हाला तेव्हा मरणाची भीती फक्त नाटकात होती.

बरण्या आणायच्या कुठून? तर घराघरांतून लोणच्याच्या बरण्या उचलल्या. कॉलनीतल्या बायकांनी त्या दिल्या खऱ्या, पण लेक सासरी पाठवताना देत नाहीत एवढ्या सूचना देऊन. “घासू नका, पुसून घ्या.” “झाकण हरवलं तर बघा.” “ही माझ्या आईची आहे हो.” आणि दोरी? दोरी फोरमननी स्टेजच्या पडद्याची काढली. कप्पीवर तीच बरोबर बसत होती. आता पडदा ओढायचा कसा, असं मी विचारलं तर बिवलकरांना वेगळाच आनंद झाला. “पडदा हवाय कशाला? अंधार हाच आपला पडदा!” म्हणाले. कलावंत आणि फोरमन एकाच बाजूला असताना कारकुनानं बोलू नये.

तालमीला लाइट मिळायची ती पाळी सुटल्यावर थोडा वेळ. त्यात बिवलकरांचा जीव सगळा शेवटच्या प्रवेशात. म्हणून पहिले दोन अंक आम्ही ट्यूबलाइटखाली उरकायचो आणि बरण्या जोडायच्या त्या थेट माझ्या मरणाला. रोज ताजं पाणी, रोज तांबडी चिंधी, रोज मी इतका सुरेख मरायचो की बिवलकरांचे डोळे भरून यायचे. फोरमन दोरी सोडून हात झटकायचे, निघून जायचे.

स्पर्धेच्या दिवशी बारदानाचं गोडाऊन माणसांनी फुलून गेलं होतं. संध्याकाळचा भोंगा झाला तशी पाळी सुटलेली माणसं अंगावरच्या कपड्यानिशी आली. एका बाजूला जाजमांवर बायका, पोरंबाळं, पुढं खुर्च्यांवर चेअरमन आणि कोल्हापूरहून आलेले परीक्षक. त्यांच्यासाठी लिंबाचं सरबत आणि गार करायला बर्फाची लादी आणून मागच्या बाजूला भुशात ठेवली होती. शालनची आत्या त्याच दिवशी गावाहून आली होती, ती बायकांत अगदी पुढं बसली. तिला लांबचं दिसत नसे आणि जवळचं पटत नसे. मला तिनं आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

नाटक सुरू झालं. पहिला अंक बरा गेला. आजाऱ्याची खोली, तेव्हा उजेड पहिल्यापासून अर्धाच, सगळा बरण्यांतून गाळून आलेला. दुसऱ्या अंकात मी खोकत असताना माझ्या नाकात एक वास शिरला. हिंग, मेथी आणि मुरलेला आंबा. मला वाटलं भूक लागली असेल. पण हळूहळू तो वास गोडाऊनभर पसरला. पहिल्या रांगेत चेअरमननी आवंढा गिळलेला मला खाटेवरून दिसला. बायकांत कुजबुज सुरू झाली, “पाटलीणबाईंचं दिसतंय.” “छे, त्यात लसूण असतो.” माझ्या दुखण्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. उजेडही जरा जास्तच वाटत होता, पण मी म्हटलं असेल, परीक्षकांसाठी सोडला असेल.

मग आला तिसरा अंक आणि माझं मरण.

शालन उशाशी बसली. मी थरथरता हात तिच्या डोक्यावर ठेवला, शेवटचं वाक्य म्हटलं, “आता दिवा नको, पोरी,” आणि मान टाकली. इथून उजेड उतरत जायचा, काळोख व्हायचा, काळोखात मी उठून विंगेत जायचं. असं ठरलेलं.

मी वाट बघतोय. मिटल्या पापण्यांतून सगळं लालभडक दिसतंय. शालन रडतेय. तिचं लिहून दिलेलं रडणं संपलं, तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. माझ्या नाकावर माशी बसली. मेलेल्या माणसाला माशी हाकलता येत नाही, हे लोक मरताना लक्षात घेत नाहीत. शेवटी मी एक डोळा किलकिला केला. भर दुपारच्या उन्हात पडावं तसा मी उजेडात पडलो होतो. अहो, मघापेक्षा उजेड वाढला होता!

विंगेत फोरमन दोरी ओढत होते. तांबडी चिंधी केव्हाच वर गेली होती, गाठ कप्पीला जाऊन अडकली होती, आणि बरण्यांतून भातासारखी वाफ येत होती.

“स्विच पाडा! अहो, स्विच पाडा!” बिवलकर त्यांच्या कानाशी दबक्या आवाजात किंचाळत होते.

“स्विच पाडला तर म्हातारा मेला असं कोण म्हणेल?” फोरमन दात-ओठ खाऊन म्हणाले. “लाइट गेली म्हणतील.”

खरं होतं ते. आमच्याकडं लाइट गेली की शिट्ट्या पडायच्या आणि माणसं चपला शोधायला लागायची. आणि पॉवर हाऊसच्या फोरमनच्या कार्यक्रमात लाइट गेली म्हटल्यावर त्या माणसाला उद्या कॉलनीतून मान वर करून चालता आलं नसतं.

फोरमननी बरण्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की मला ते ओळखताच आलं नाही, कारण मी ते तिथं कधी पाहिलेलंच नव्हतं.

“प्रल्हादराव,” ते म्हणाले. राव! “एवढ्यात मरू नका. मी आलोच.”

आणि ते मागच्या दारानं पळाले. बर्फाकडं.

आता घ्या! मी तर मरून बसलो होतो. शालननं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की मेलेला उठेल, आणि मेलेला उठला. मी सणसणीत खोकलो.

“आरं, जित्ता हाय म्हातारा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“आजोबा!” शालननं हंबरडा फोडला. “काही सांगायचं राहिलंय का तुमचं?”

मी घाबरून म्हणालो, “हो.” पुढं काय? माझ्या डोक्यात उसाच्या गाड्यांशिवाय काही येईना. “गाय... गाय धाकट्याला द्या.” नाटकात गाय नव्हती आणि धाकटाही नव्हता. “थोरल्याला... उतारावरचं शेत.” तेवढ्यात बरण्यांतलं पाणी उकळ्या फोडायला लागलं आणि उजेड फडफडला, एकदम उतरला. मी संधी साधली. “आता दिवा नको, पोरी,” म्हणून मान टाकली. मान टाकली तोच उजेड पुन्हा लख्ख.

दुसरा चिमटा. मी पुन्हा उठलो.

“विझायला आलेला दिवा मोठा होतो म्हणतात ना, तसं झालंय हो आजोबांचं!” शालन प्रेक्षकांकडं बघून रडत म्हणाली, आणि बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. मी तिच्याकडं बघतच राहिलो. कुठून सुचत होतं हिला?

विहिरीचा हिस्सा झाला, बैलजोडी झाली, माझी फेट्याची पेटी झाली. मी परत एकदा मेलो, परत उठलो. वाटायला काही उरलं नव्हतं. मी डोळ्यांनीच शालनला विनवलं, बाई, सोड आता. तिनं पदरानं डोळे टिपले आणि अख्ख्या गोडाऊनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आजोबा, सगळ्यांचं सगळं बघितलंत. माझ्या लग्नाचं मात्र काहीच बोलला नाहीत.”

हे म्हाताऱ्याला विचारलेलं नव्हतं, हे मला विचारलेलं होतं.

“तुझ्या... तुझ्या बापाला विचार,” मी म्हणालो.

“बाबा काही बोलतच नाहीत. नाटक संपू दे म्हणतात.”

हास्याची लाट आली. आमच्या नाटकातल्या बाबांचा पहिल्या अंकाआधीच मृत्यू झालेला होता, पण ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. सगळ्या कॉलनीला एव्हाना कळलं होतं की इथं कुणाचं काय चाललंय.

“मुलगा... आहे का कुणी?” मी विचारलं. आलीया भोगासी म्हटलं, आता माघार नाही.

“आहे. काट्यावर असतो.”

टाळ्या पडल्या. काट्यावरचे माझे सोबती शिट्ट्या मारायला लागले. मागून आवाज आला, “देऊन टाका वो आज्जा! मरताना कशाला वाकडंपणा!”

“कसा आहे?” मी विचारलं. मला ते खरंच ऐकायचं होतं.

ती थांबली. आता ती नाटकातली नव्हती. “घाबरट आहे,” म्हणाली. “पण धरलेलं सोडत नाही.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “मग दिली.”

आणि मान वळवली तर विंगेत फोरमन उभे. दोन्ही हातांत बर्फाचे खडे, कोपरांवरून पाणी ठिबकतंय, आणि नजर सरळ माझ्यावर. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मनात म्हटलं, प्रल्हादा, संपलं. आता खरोखर मेलास तरी चालेल.

फोरमन वाकले आणि लांबूनच एकेक खडा बरणीत सोडायला लागले. पहिल्या बरणीनं एकदम चर्रर्र आवाज केला आणि डावीकडचा उजेड खाली बसला. दुसरीत टाकला, खोलीत तिन्हीसांज झाली. मला माहीत होतं ती शेवटची संधी. “आता दिवा नको, पोरी,” मी म्हणालो, आणि या खेपेला ते वाक्य असं काही निघालं की माझं मलाच भरून आलं. तिसऱ्या बरणीत बर्फ पडला, उजेड आणखी उतरला, शालनचा चेहरा दिसेनासा झाला. सगळं गोडाऊन श्वास रोखून बसलं होतं.

तेवढ्यात फाट्कन आवाज झाला.

कॉलनीतल्या बाईला तो आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही. बायकांची सगळी बाजू एकसाथ उठून उभी राहिली. एक लांब सुस्कारा आला, आणि प्रत्येकीला वाटलं ती आपलीच. फोरमननी तेवढ्या बरणीचा स्विच पाडला, शेवटचा दिवा गेला, आणि अंधार झाला. त्या अंधारात बायका खऱ्याखुऱ्या रडत होत्या. पुरुषांना वाटलं नाटकासाठी रडताहेत, म्हणून तेही गंभीर झाले. मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो थांबेचना.

निकाल तिथल्या तिथंच लागायचा. आम्हाला मेकअप काढायलाही सवड मिळाली नाही. मी दाढी-मिशांसकट रांगेत उभा राहिलो, आणि फोरमन माझ्या शेजारी. परीक्षकांनी चष्मा पुसला आणि भाषण सुरू केलं. नाटक फार लांबलं म्हणाले, म्हाताऱ्याच्या इस्टेटीचा विषय अनावश्यक होता म्हणाले. “परंतु,” ते म्हणाले, “प्राण जात असताना उजेड कमी न करता तो वाढवत नेणं, आणि मग एका आघातासरशी काळोख! ही प्रतीकात्मक प्रकाशयोजना मी अनेक वर्षांत पाहिलेली नाही. प्रकाशयोजनेचं प्रथम पारितोषिक, श्री. सासने!”

बिवलकर टाळ्या वाजवायला लागले. त्यांना तोवर ती कल्पना स्वतःची वाटायला लागली होती. फोरमन पुढं गेले. बक्षिसाचा पेला घेतला नाही. माईक घेतला.

“साहेब, प्रतीक-बितीक काही नव्हतं,” ते म्हणाले. “पाणी तापलं.”

परीक्षकांचा हात पेल्यासकट तसाच पुढं राहिला.

“मी खुणा बांधल्या त्या गार पाण्यावर. गार पाणी विजेला अडवतं. तेच पाणी तापलं की अडवायचं सोडतं, वाट देतं. वाट दिली की जास्त वीज, जास्त वीज की आणखी ताप. पहिल्या अंकापासून बरण्या तापत होत्या. तिसऱ्या अंकात मी दोरी किती का ओढेना, ते पाणी कालचं पाणी राहिलं नव्हतं. हे मला माहीत आहे, पोटापाण्याचा धंदा आहे माझा. तरी ध्यानात आलं नाही. चूक माझी.”

पॉवर हाऊसची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांनी हा शब्द त्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मला वाटलं त्यांचा आवाज फाटेल, पण नाही फाटला.

“बक्षीस द्यायचंच असेल तर ह्यांना द्या,” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात बर्फानं गारठलेला होता. “मी बर्फ आणेस्तोवर हा माणूस माझी अब्रू राखायला मरत राहिला. पुन्हा पुन्हा उठला. आणि मघाशी तुमच्या सगळ्यांसमोर ह्यांनी माझी मुलगीसुद्धा देऊन टाकली, मला न विचारता. आता मी काय बोलणार?” ते थांबले. मी डोळे मिटून घेतले. “दिली!” ते म्हणाले.

गोडाऊन उसळलं. आणि त्या गदारोळातून बायकांच्या बाजूनं शालनच्या आत्यानं टाहो फोडला.

“आरं ए भावा! डोकं फिरलं का रं तुझं? चारदा मेलेल्या म्हाताऱ्याला पोर दिलीस व्हय!”

मी दाढी ओरबाडायला लागलो, तर ती निघेना. बिवलकरांनी लॅबमधला कसलातरी डिंक लावला होता. आत्या पदर खोचून स्टेजकडं निघालेली, चार जणी तिला धरून समजावताहेत, ती म्हणतेय, “सोडा, मला त्याचे दात बघू द्यात!” शेवटी शालननं एका झटक्यात माझी अर्धी मिशी उपटली, अर्ध्या कातडीसकट. मी असा काही ओरडलो की आत्याची खात्री पटली, पोरगा तरणा आहे.

इचलकरंजीची मंडळी आली ती नुसती चहा पिऊन गेली. आमचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. फुटलेल्या बरणीबद्दल कॉलनीत पुढं बराच काळ अबोले चालले, पण तो भाग निराळा.

फोरमन पुढं मला कधीमधी पॉवर हाऊसमध्ये बोलवायचे, हातात पाना द्यायचे, “हे धरा,” म्हणायचे. मला काडीचं कळत नसे, पण मी धरून उभा राहायचो. म्हातारपणी तर त्यांना मी सारखा जवळ लागायचो. ते गेले त्या वर्षाची गोष्ट. एका दुपारी शालन आणि मी ओट्यावर शेंगा सोलत बसलो होतो, आणि वडिलांच्या आठवणी काढता काढता ती एकदम म्हणाली, “बाबांना एक सांगायचं राहूनच गेलं. त्या दिवशी मध्यंतरात मी बरण्यांपाशी गेले होते.”

“मग?”

“वाफ येत होती. उजेड हाताबाहेर जाणार हे मला तेव्हाच कळलं होतं. फोरमनची मुलगी आहे मी.”

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. “आणि तू सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर त्यांनी पाणी बदललं असतं, खुणा पुन्हा बांधल्या असत्या. नाटक अगदी बिनचूक झालं असतं. आणि दुसऱ्या दिवशी मी इचलकरंजीच्या पाहुण्यांसमोर पोहे घेऊन उभी.” तिनं टरफलं झटकली. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसतही होती. “ज्यांचं कधी काही चुकतच नव्हतं त्यांना तुमची गरज कशी पडणार होती, सांगा की. एकदा तरी चुकू दिलं मी त्यांना. जिवावर आलं होतं माझ्या.”

“अगं, पण मला तरी सांगायचंस!” मी जवळजवळ ओरडलो. “तिथं उघड्यावर मरून पडलो होतो मी!”

“तुम्हाला सांगितलं असतं,” शालन म्हणाली, “तर तुम्ही तयारी करून मेला असतात. आणि बाबांना ते लगेच कळलं असतं.”